निळे, लाल आणि आपण: प्रोसेसरच्या कंपनीवर निष्ठा कशासाठी?

अर्धवाहक (धागाकर्ता)

मंडळी, इथे कुणी ‘कुठला प्रोसेसर घेऊ?’ असं विचारलं की चौथ्या-पाचव्या प्रतिसादापर्यंत इंटेलवाले (निळे) आणि एएमडीवाले (लाल) असे दोन तट पडलेले असतात. विचारणाऱ्याचं काम काय, बजेट किती, याची चौकशी राहते बाजूला आणि २०११ साली कोणी काय दिवे लावले यावरून उणीदुणी निघतात.

मला पडलेला प्रश्न जरा वेगळा आहे. प्रोसेसर ही न दिसणारी वस्तू. एकदा बसवला, वर पेस्ट लावली, कूलर आवळला की पुढची काही वर्षं त्याचं तोंडसुद्धा दिसत नाही. मग या लपलेल्या तुकड्यावरून माणसं एकमेकांच्या उरावर का बसतात?

दुसरं असं, की वस्तू मागे पडली आहे हे ठाऊक असूनही केवळ कंपनी ‘आपली’ म्हणून तुम्ही ती कधी घेतली आहे का? घेतली असेल तर त्याचा कंपनीला खरंच काही उपयोग झाला असं वाटतं का? मला विचाराल तर नाही. निष्ठेचा फायदा कंपनीच्या जाहिरात विभागाला होतो, ग्राहकाला कधीच नाही. खोडून काढा, मोकळीक आहे.

(काचेच्या कॅबिनेटवाले आता ‘आमचा दिसतो’ म्हणतील. तुमचा दिसतो तो कूलर.)

मेगाहर्ट्झ

पहिल्या बाकावर जागा धरली आहे. धागा शंभरी गाठणार.

जुनागडी

ही निष्ठा आपोआप उगवलेली नाही, पैसे ओतून उगवलेली आहे. १९९१ च्या आधी सामान्य माणसाला आपल्या संगणकात चिप कोणाची हे माहीतही नसायचं. मशीन आयबीएमचं की कॉम्पॅकचं, एवढीच चौकशी. मग इंटेलने ‘इंटेल इनसाइड’ काढलं. संगणक बनवणाऱ्याने डब्यावर आणि जाहिरातीत शिक्का लावायचा, जाहिरातीच्या खर्चातला वाटा इंटेलने उचलायचा. ३८६, ४८६ हे नुसते आकडे होते आणि आकड्यांवर ट्रेडमार्क मिळेना, एएमडीही खुशाल ‘३८६’ म्हणून चिप विकत होती. म्हणून १९९३ मध्ये ५८६ च्या जागी ‘पेंटियम’ हे नाव आलं. थोड्याच दिवसांत लोक संगणकालाच पेंटियम म्हणू लागले.

पण नाव घरोघर पोचलं की बदनामीही घरोघर पोचते. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकाला पेंटियमच्या भागाकारात चूक सापडली. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर उत्तर १.३३३८ च्या जागी १.३३३७ यायचं. इंटेलचं सुरुवातीचं म्हणणं असं, की तुम्हाला इतक्या काटेकोर गणिताची गरज आहे हे पटवून द्या, मग बदलून देऊ. लोक खवळले. ज्यांनी जन्मात चार दशांशस्थळांपर्यंत भागाकार केला नव्हता तेही बदली मागायला उभे राहिले. शेवटी मागेल त्याला बदलून देणं भाग पडलं आणि इंटेलने ४७.५ कोटी डॉलरचा खड्डा ताळेबंदात दाखवला. शिक्का नसता तर ही बातमी चार इंजिनिअरांपलीकडे गेलीच नसती.

लालबुंद

जुनागडी, तुमच्या बाजूला मोहीम होती, आमच्या बाजूला काय होतं? एएमडीकडे जाहिरातीला पैसा होताच कुठे? तरी चिकटलो, कारण माल होता. एक गिगाहर्ट्झचा ॲथलॉन ६ मार्च २००० ला आला, इंटेलचा पेंटियम थ्री दोन दिवसांनी. ६४-बिटसाठी (जास्त मेमरी हाताळता यावी म्हणून) इंटेल सगळ्या जगाला इटेनियम या वेगळ्याच चिपच्या वाटेने न्यायला निघालं होतं, जिथे जुनी सॉफ्टवेअर रडतखडत चालायची. एएमडीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन काढला आणि आहे त्याच एक्स८६ ला (३८६, पेंटियम ज्या आज्ञा समजतात त्या पद्धतीला) ६४-बिट करून दाखवलं. पुढच्याच वर्षी इंटेलला तेच उचलावं लागलं. आजही लिनक्स उतरवून घेताना फाइलच्या नावात काय दिसतं? एएमडी६४. इंटेलच्या मशीनवर टाकायची असली तरी!

आणि हो अर्धवाहक, मी घेतला आहे. २०१२ मध्ये एएमडीचा एफएक्स घेतला, बेंचमार्क (वेगाच्या चाचण्या) वाचून, डोळे उघडे ठेवून. कारण एएमडी बुडाली असती तर तुम्ही सगळे आज चार कोअरवर (चिपच्या आतल्या चार स्वतंत्र मेंदूंवर) बसला असता. २००७ च्या क्यू६६०० पासून २०१७ च्या ७७००के पर्यंत साध्या डेस्कटॉपवर इंटेलने चारच्या पुढे पाऊल टाकलं नाही. दहा वर्षं! आमच्यासारख्यांनी पदरमोड करून कंपनी जगवली म्हणून २०१७ मध्ये एएमडीचा रायझन आला. आभार नाही मानलेत तरी चालेल.

शून्यएक

लालबुंद, भावना पोचल्या. हिशेब मात्र जुळत नाही.

एएमडी जगली कशाने ते पाहू. २००९ मध्ये स्वतःचे चिपचे कारखाने वेगळे काढले, तेच ग्लोबलफाउंड्रीज. त्यात पैसा अबू धाबीचा. २०१३ मध्ये ऑस्टिनमधलं स्वतःचं आवार विकलं आणि त्याच जागेत भाडेकरू म्हणून राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन दोन्ही बाजारात आले आणि दोघांच्याही पोटात एएमडीचेच आठ कोअर होते. नफा फार नव्हता, पण दर तिमाहीला पैसा येत राहिला. ज्या पोरांनी हट्ट करून प्लेस्टेशन घ्यायला लावला त्यांना आत कोणाची चिप आहे याचा पत्ताही नव्हता. तुमच्या एफएक्सपेक्षा त्या पोरांचा हातभार मोठा.

एवढं होऊनही २०१५ मध्ये शेअर दोन डॉलरच्या खाली गेला होता. निष्ठावंतांच्या जिवावर कंपनी चालली असती तर ही वेळ आली असती का?

शिवाय मागे पडलेला माल निष्ठेपोटी घेतला की कंपनीला संदेश कोणता जातो? हा पण खपतो.

मेगाहर्ट्झ

अरारारा. लालबुंद, पाणी हवंय का?

लालबुंद

कन्सोलवाल्यांनी पैसा दिला, मान्य. पण रायझन नवा असताना रॅम धड वेगाने चालत नव्हती, दर थोड्या दिवसांनी नवा बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) येत होता, हे जगजाहीर आहे. तेव्हा कुठली रॅम कुठल्या बोर्डावर किती वेगाने चालते याच्या याद्या रात्र-रात्र बसून कोणी केल्या? प्लेस्टेशनवाल्या पोरांनी? कुठलीही नवी वस्तू पहिले काही महिने वापरायला पदरचा वेळ घालवणारी माणसं लागतात. ती पगारावर मिळत नाहीत.

निरभ्र

हा शेवटचा मुद्दा मला पटला. पण ‘उरावर का बसतात’ याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही, म्हणून लिहिते.

हेन्री ताजफेल हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्रिस्टलमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले, ते १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात मुलांना चित्रं दाखवली आणि सांगितलं, तू क्लेची चित्रं आवडणाऱ्या गटातला, तू कॅन्डिन्स्कीच्या. प्रत्यक्षात गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडलेले होते. मग प्रत्येकाला इतर मुलांना थोडे पैसे वाटून द्यायला सांगितलं. स्वतःला काही घेता येणार नव्हतं आणि समोरचा मुलगा कोण हेही माहीत नव्हतं, फक्त त्याचा गट कळायचा. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, ते ठीक. गंमत पुढे आहे. पुष्कळदा त्यांनी असा पर्याय निवडला ज्यात आपल्या गटाला कमी मिळेल, पण समोरच्या गटाशी फरक जास्त राहील.

आता लालबुंद यांच्या गटातला आनंद आठवा, इंटेलचा १० नॅनोमीटरचा कारखाना (आकडा जितका लहान तितकं चिप बनवायचं तंत्र नवं) वर्षानुवर्षं रखडला होता तेव्हाचा. इंटेल २०१५ पासून २०२१ पर्यंत डेस्कटॉपवर १४ नॅनोमीटरलाच चिकटून राहिलं यात एएमडीच्या ग्राहकाचा काय फायदा झाला? काहीच नाही. आनंद मात्र आपल्याला बोनस मिळाल्यासारखा.

पळपुटा

क्ले काय नि कॅन्डिन्स्की काय, दोन्ही चित्रं उलटी टांगली तरी आम्हाला कळणार नाही. पण गट पाडून द्या, भांडायला तयार आहोत.

ओव्हरक्लॉकी

आमचा पंथ वेगळा. ज्याच्या वेगाचं कुलूप उघडतं तो आपला. १९९८ चा सेलेरॉन ३००ए घ्यायचा, बसचा (चिपला ठोका देणाऱ्या वाहिनीचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ करायचा, ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायला लागायचा. महागड्या पेंटियम टूच्या मालकाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. पुढे एएमडीचे ड्युरॉन आणि ॲथलॉन आले. त्यांच्या पाठीवर सोनेरी ठिपक्यांची एक रांग असायची, एल१ नावाची. कारखान्यात तोडलेला तो दुवा साध्या शिसपेन्सिलीने रेघा मारून जोडला की मल्टिप्लायर (त्या ठोक्याला गुणणारा आकडा) मोकळा. पेन्सिलीतलं ग्राफाइट वीज वाहून नेतं, बस्स.

दोन्ही कंपन्यांनी पुढे ही भोकं बुजवली. म्हणून म्हणतो, दोघेही सारखेच.

सायरिक्सवासी

लाल-निळे भांडताहेत, आणि आम्हाला कोणी विचारतही नाही. सगळ्यात शुद्ध निष्ठा आमची, कारण निष्ठा ठेवायला कंपनीच उरलेली नाही.

सायरिक्स या तिसऱ्या प्रोसेसर कंपनीचा ६एक्स८६ पीआर२००+ म्हणजे प्रत्यक्षात १५० मेगाहर्ट्झ, पण ऑफिसच्या कामात २०० च्या पेंटियमला टक्कर द्यायचा. मग १९९६ मध्ये क्वेक आला. तो खेळ पेंटियमच्या दशांश-गणिताच्या युनिटला डोळ्यांसमोर ठेवून हाताने घासूनपुसून लिहिलेला, आणि सायरिक्सचं नेमकं तेच युनिट लंगडं. एका खेळाने कंपनीची अब्रू गेली. १९९७ मध्ये नॅशनल सेमीकंडक्टरने घेतली, १९९९ मध्ये व्हियाने. त्यानंतर नाव स्टिकरपुरतं.

पीआर म्हणजे ‘हा त्यांच्या इतक्या मेगाहर्ट्झच्या तोडीचा आहे’ अशी चिठ्ठी. पुढे एएमडीच्या ॲथलॉन एक्सपीनेही तोच कित्ता गिरवला, १५३३ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर १८००+ लिहून.

मंदगती

मी साधा लॅपटॉपवाला. वरचं निम्मं डोक्यावरून गेलं. पण मला सांगा, आमच्यासारख्यांनी निष्ठा ठेवावी म्हटलं तरी कशावर ठेवायची? दुकानात गेलं की नुसत्या आकड्यांचं जंगल. नवीन म्हणून जुनं कोण देतंय हे ओळखायचं कसं?

शून्यएक

मंदगती, प्रश्न शंभर नंबरी आहे. या बाबतीत दोन्ही कंपन्यांचं गोत्र एक.

एएमडीच्या लॅपटॉपच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा. ७८४०यू मध्ये तो ४ आहे, म्हणजे आत झेन ४ (झेन हे एएमडीच्या चिप-रचनेचं नाव, पुढचा आकडा पिढीचा). ७७३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३. आणि ७५२०यू मध्ये २, म्हणजे झेन २, जे मुळात २०१९ चं. पेटीवर तिन्ही ‘रायझन ७०००’. इंटेलने २०२४ च्या सुरुवातीला ‘कोअर अल्ट्रा’ आणि नुसतं ‘कोअर’ अशी दोन घराणी केली. त्यातला कोअर ७ १५०यू आतून आधीच्या पिढीचाच रॅप्टर लेक. ‘अल्ट्रा’ शब्द नाही एवढीच खूण.

मंदगती

म्हणजे पंचांग बघूनच लॅपटॉप घ्यायचा. धन्यवाद, वाचनखूण साठवली.

पिनसरळ

मी हाताने मशीन उघडून दुरुस्त करणारा माणूस. निष्ठा म्हणजे शुद्ध मूर्खपणा असा जो सूर लागलाय तो मला मान्य नाही. माणूस कंपनीशी निष्ठावान नसतो, हाताला बसलेल्या सवयीशी असतो. एका घराण्याचे बोर्ड वर्षानुवर्षं हाताळले की कुठला दिवा पेटल्यावर रॅम काढून बघायची, कुठल्या बायोसने कुठला प्रोसेसर ओळखायला सुरुवात केली, हे डोक्यात आपोआप असतं. दुसऱ्या घराण्याचं दहा टक्के वेगवान मशीन घेतलं तर ते ज्ञान शून्यावर येतं. त्या दहा टक्क्यांसाठी मी ते का फेकू?

पिनांचंच घ्या. एएम४ (एएमडीचं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) चा प्रोसेसर पालथा पडला की १३३१ पिनांपैकी कडेच्या चार-दोन हमखास झोपतात. लोक चिमट्याने ओढायला जातात आणि पिन मुळाशी तुटते. चांगला उजेड घ्या, भिंग घ्या, आणि बारीक शिशाची मेकॅनिकल पेन्सिल, आतलं शिसं काढून. तिचं पोकळ टोक पिनेवर चढवायचं आणि अगदी थोडं उभं करायचं. मग पुढच्या पिनेकडे जायचं, फिरून पहिलीकडे यायचं. एका दमात सरळ करायची नाही. मधूनमधून प्रोसेसर डोळ्यांच्या पातळीला धरून ओळी बघायच्या, आडव्या, उभ्या आणि तिरक्या. तिरक्या ओळीत वाकडी पिन लगेच उठून दिसते. शेवटी सॉकेटमध्ये तो नुसत्या स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे. बोटाने दाबावासा वाटला तर थांबा, अजून एखादी राहिली आहे.

इंटेलने डेस्कटॉपच्या पिना २००४ मध्येच, एलजीए ७७५ पासून, प्रोसेसरवरून काढून मदरबोर्डात ढकलल्या. एएमडीने ते साध्या डेस्कटॉपवर २०२२ मध्ये एएम५ ला केलं. त्या पिना केसासारख्या, आकड्यासारख्या वळलेल्या असतात. पेन्सिल तिथे चालत नाही, सुईने आणि श्वास रोखून काम. म्हणजे माझं निम्मं कसब एका सॉकेटबरोबर गेलं. यालाच मी निष्ठा म्हणतो, भक्ती नव्हे.

निरभ्र

पिनसरळ, आतापर्यंतचा सगळ्यात चांगला प्रतिसाद. पण ही निष्ठा सॉकेटवरची झाली. एएमडी उद्या दर वर्षी सॉकेट बदलायला लागली तर?

पिनसरळ

तर शिव्या घालीन आणि जो सॉकेट टिकवेल त्याच्याकडे जाईन.

रात्रपाळी

माझा अनुभव सांगतो. नवा, महागडा प्रोसेसर. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, सांगितलं तर निम्मे ‘बरं झालं’ म्हणतील आणि उरलेले ‘तुझाच पॉवर सप्लाय खराब’. मशीन कधीही मध्येच निळा पडदा दाखवायचं, तापमान व्यवस्थित असताना. सेवा केंद्राने ‘आमच्याकडे तर चालतंय’ म्हणून परत पाठवलं.

फोरमवर विचारलं तर विरोधी गोटातली मंडळी सांत्वनाला आली. उपयोग शून्य. मदत कोणी केली? त्याच कंपनीच्या एका कट्टर भक्ताने. गडी दीड वाजेपर्यंत जागा राहिला, बायोसमधली व्होल्टेजची एकेक ओळ माझ्याकडून लिहून घेतली, एकेक बदलून बघायला लावली. कंपनीची अब्रू वाचवायला बसला होता की मला मदत करायला, देव जाणे. शेवटी प्रोसेसर बदलूनच मिळाला, तोही त्याने लिहून दिलेल्या तक्रारीमुळे.

पळपुटा

भक्त असावा शेजारी.

मुद्देसूद

लालबुंद यांच्या बाजूने एक मुद्दा राहिला. २००० ते २००५ च्या काळात एएमडीचा माल सरस असूनही मोठ्या कंपन्यांच्या संगणकांत तो फारसा का दिसत नव्हता? एएमडीने २००५ मध्ये इंटेलवर दावा लावला. आरोप असा, की फक्त आमच्याच चिप घ्या म्हणून इंटेल उत्पादकांना सवलती देते. त्या दाव्यात एक किस्सा होता. एएमडीने एचपीला दहा लाख प्रोसेसर फुकट देऊ केले, आणि इंटेल डूख धरेल म्हणून एचपीने त्यातले १ लाख ६० हजारच घेतले. २००९ मध्ये युरोपीय आयोगाने इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड ठोकला, आणि त्याच वर्षी इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन दावा मिटवला.

हे वाचून एखाद्याने ठरवलं की आपण दुबळ्याच्या बाजूने उभं राहायचं, तर त्याला गटबाजी म्हणून कसं उडवता येईल?

जुनागडी

अर्धीच बातमी, मुद्देसूद. तो दंड २०२२ मध्ये युरोपातल्याच न्यायालयाने रद्द केला, सवलतींमुळे स्पर्धा खरंच मारली गेली का याची आयोगाने नीट छाननी केली नव्हती म्हणून. २०२४ मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच कायम ठेवलं.

मुद्देसूद

मग उरलेली अर्धीही सांगा की. त्याच प्रकरणातला दुसरा भाग टिकला. एएमडीची चिप असलेली मशीन उशिरा काढा किंवा काढूच नका म्हणून पैसे दिल्याचा. त्यासाठी २०२३ मध्ये आयोगाने ३७.६ कोटी युरोंचा दंड नव्याने लावला. आणि १२५ कोटी डॉलर काही इंटेलने दिवाळी पोस्त म्हणून दिले नव्हते.

सफरचंदी

काय गोंधळ चाललाय इथे? आम्ही २०२० मध्ये ॲपलच्या एम१ चिपचा मॅक घेतल्यापासून पंख्याचा आवाज ऐकलेला नाही.

ओव्हरक्लॉकी

रॅम वाढवून दाखवा, मग बोलू.

जुनागडी

सफरचंदींच्या गटाची तर वेगळीच कमाल. १९९८ मध्ये गोगलगायीच्या पाठीवर पेंटियम टू बसवलेली जाहिरात बघून हसत होते. २००६ मध्ये मॅकमध्ये इंटेल आला तेव्हा त्याच मंडळींनी टाळ्या वाजवल्या. २०२० मध्ये इंटेल गेला, पुन्हा टाळ्या. चिप कोणाचीही असो, हात लाल होईपर्यंत वाजवायचे.

अवांतर: इथे भक्त आपापल्या तटावर उभे आहेत, इंजिनिअर मात्र कधीचेच इकडून तिकडे. पेंटियमचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते विनोद धाम इंटेल सोडून नेक्सजेनमध्ये गेले. ती कंपनी एएमडीने घेतली आणि तिच्यातून के६ निघाला, पेंटियमचाच प्रतिस्पर्धी. जिम केलर एएमडीत झेनच्या वेळी होता, २०१८ मध्ये इंटेलमध्ये. राजा कोडुरी एएमडीच्या ग्राफिक्सचे प्रमुख, २०१७ मध्ये तेही इंटेलमध्ये. २०१८ मध्ये तर इंटेलने आपल्याच प्रोसेसरशेजारी एएमडीचं ग्राफिक्स बसवून एकाच तुकड्यात विकलं. आणि एएमडीचा लाल रंग तरी स्वतःचा कुठे? ती हिरवी कंपनी. लाल होती एटीआय, जी २००६ मध्ये विकत घेतली.

लालबुंद

रंग गेला खड्ड्यात. पण इंटेलने एएमडीचं ग्राफिक्स का घेतलं? कारण स्वतःचं चालत नव्हतं!

शून्यएक

आणि एएमडी चिप कुठे बनवते? तैवानच्या टीएसएमसीमध्ये. इंटेलच्या २०२४ च्या ॲरो लेक प्रोसेसरचा मुख्य तुकडा कुठे बनला? तिथेच. ‘खऱ्या मर्दाकडे स्वतःचा कारखाना असतो’ अशा अर्थाचं एएमडीच्या संस्थापकांपैकी जेरी सँडर्सचं एक गाजलेलं वाक्य आहे. आज त्यांच्याच कंपनीकडे कारखाना नाही, आणि ज्यांच्याकडे आहे तेही बाहेरून करून घेताहेत.

आता लालबुंद यांना एक अवघड प्रश्न. २०२० च्या मे महिन्यात एएमडीने जाहीर केलं की झेन ३ जुन्या बी४५० बोर्डांवर चालणार नाही. तेव्हा तुम्ही कुठे होतात?

लालबुंद

शिव्या घालत होतो. जाहीर शिव्या. आणि दोन आठवड्यांच्या आत एएमडीला माघार घ्यावी लागली, बी४५० ला परवानगी दिली. इंटेलने २०१७ मध्ये त्याच ११५१ पिनांच्या सॉकेटला नवा झेड३७० बोर्ड घ्यायला लावला, तेव्हा तुमच्या लोकांनी काय केलं? मुकाट्याने बोर्ड घेतले.

शून्यएक, मला वाटतं तुमची सगळी मांडणी इथे अडकते. कंपनी परक्या गिऱ्हाइकाच्या शिव्यांना भीक घालत नाही. घरच्या माणसाने आवाज चढवला की ऐकते.

शून्यएक

घरच्या माणसाने आवाज चढवल्यावर त्याच वर्षी एएमडीने ५६००एक्स २९९ डॉलरला आणला. आधीचा ३६००एक्स २४९ चा होता. पुढे गेल्याबरोबर पन्नास डॉलर वाढले, आणि सोबत मिळणारा कूलर साधा केला. ऐकलं खरं, बिलही लावलं.

अर्धवाहक

बऱ्याच प्रतिसादांनी विचारात पाडलं. पिनसरळ यांचा मुद्दा मी धरला नव्हता. सवयीलाही किंमत असते आणि ती कुठल्या बेंचमार्कमध्ये येत नाही. लालबुंद यांचं ‘घरचा माणूस’ प्रकरण मात्र गळी उतरत नाही. बी४५० च्या वेळी कंपनी झुकली ती प्रेमाखातर नव्हे. ते बोर्ड घरोघरी होते, आणि बोर्ड बदलायचाच तर गिऱ्हाईक इंटेलचाही बघू शकलं असतं. जाण्याची भीती होती म्हणून ऐकलं.

किमतीचं उदाहरण देतो. २०१६ मध्ये इंटेलचा दहा कोअरचा ६९५०एक्स १७२३ डॉलरला होता, कारण समोर कोणीच नव्हतं. २०१७ मध्ये रायझन आला आणि त्याच वर्षी इंटेलनेच दहा कोअरचा ७९००एक्स ९९९ ला काढला. इंटेलवाल्यांना ही सवलत मिळाली ती एएमडीमुळे. इंटेलच्या भक्ताने खरं तर एएमडी बुडू नये म्हणून नवस बोलायला हवा, आणि उलटही. २०२४ मध्ये इंटेलची आर्थिक ओढाताण बघून इथे ज्यांना गुदगुल्या झाल्या त्यांनी ५६००एक्सचे ते पन्नास डॉलर लक्षात ठेवावेत.

रात्रपाळी

दोघांनाही नको बुडू दे, पण सेवा केंद्रातल्या त्या माणसाची बदली होऊ दे.

मेगाहर्ट्झ

शंभरी काही गाठली नाही. लालबुंद, आता कुठला आहे ते तरी सांगा.

लालबुंद

रायझन ५८००एक्स३डी. २०१७ च्याच बोर्डावर, बायोस चढवून. अजून काही वर्षं काढीन. पुढचा घेताना दोन्हीकडचे भाव बघीन. जाहीरपणे मात्र हे वाक्य मी लिहिलेलंच नाही.

मंदगती

एक शेवटची शंका, पिनसरळसाहेबांना. भाचीचं जुनं एएम४ चं मशीन साफ करायला घेतलंय. कूलर हलत नाहीये. जोर लावू का?

पिनसरळ

अजिबात नको! पेस्ट वाळून सिमेंट झाली असेल. ओढलात तर कूलरला चिकटून प्रोसेसरच सॉकेटातून उपटून येईल, खटका लावलेला असला तरी, आणि मग ती पेन्सिल शोधत बसाल. आधी मशीन सुरू करा, एखादा जड खेळ किंवा व्हिडिओ लावून चांगलं तापू द्या. मग बंद करून वायर काढा, कूलरचे स्क्रू किंवा कडी सोडवा, आणि गरम आहे तोवर कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत राहा. सुटला की जाणवतं. मगच उचला.

मंदगती

तापायला ठेवलंय. पंख्याचा आवाज सफरचंदींपर्यंत गेला असेल.